पी.पी. नंबर ते मोबाइल

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर झाले, लिफ्टच्या देखभालीचा विषय झाला, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत तळमजल्यावरच्या एक आजी बोलायला उभ्या राहिल्या. रोज रात्री अकरा-साडेअकराला आपल्या खिडकीखाली कोणीतरी फोनवर बोलत असतं आणि झोपेची गोळी घेऊनही जाग येते, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं तो तरुण सभासद तिथेच बसला होता. तो म्हणाला, "सोसायटीच्या बागेत बाकावर बसून बोलायचंही नाही का आता?" आवाज चढले. मी मध्ये पडून तारतम्याबद्दल दोन शब्द बोलायला गेलो, तर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काका, तुमच्या काळी फोनच नव्हते. तुम्हाला कसं कळणार?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. फोन नव्हते हे खरं नाही. फोन होता. फक्त तो एकच होता आणि आपला नव्हता. स्मरणिका समितीचा ‘काहीतरी लिहा’ असा निरोप आला तेव्हा ठरवलं की सोसायटीचा इतिहास सेक्रेटरी लिहीतच आहेत, आपण फोनवरच्या वागण्याचा इतिहास लिहू.

सुरुवात थोडी लांबून करतो. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं ते मार्च १८७६ मध्ये. दोनच वर्षांत अमेरिकेत एक्स्चेंज सुरू झाली आणि जोडणी करायला तारखात्यातली पोरं ठेवली गेली. ही पोरं गिऱ्हाइकांना उलट बोलायची, शिव्या द्यायची, मुद्दाम चुकीच्या ठिकाणी लाइन जोडून मजा बघायची. लोक कंटाळले. शेवटी १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट नावाच्या बाईंना ऑपरेटर म्हणून नेमलं. जगातल्या त्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर. म्हणजे फोन जन्माला येऊन धड बाळसं धरलं नव्हतं तोवर फोनवर कसं बोलावं याची तक्रार सुरू झाली होती. तेव्हा हा प्रश्न आजच्या पिढीने आणला असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी जरा सबुरीने घ्यावं.

उचलल्यावर आधी काय म्हणायचं, यावरही वाद होता. बेलसाहेबांना जहाजावरची हाक ‘अहॉय’ पसंत होती. एडिसनने ‘हॅलो’ सुचवलं आणि तेच टिकलं. (आपल्या राज्य सरकारने २०२२ साली कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं, तेव्हा मला या जुन्या वादाची आठवण झाली होती.) आपल्या देशात जानेवारी १८८२ मध्ये कलकत्त्याला एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा तिथे ९३ ग्राहक होते. त्याच वर्षी मुंबईतही टेलिफोन आला. पण तो साहेबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर. आमच्यासारख्यांच्या चाळीत तो यायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली.

गिरगावातल्या आमच्या चाळीत साठ-बासष्ट साली एकच फोन होता, पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे. काळा, जड, उचलला तर मनगट दुखेल असा. अख्ख्या चाळीच्या नातेवाइकांकडे तो नंबर होता. नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या टिपणावर, व्हिजिटिंग कार्डावर तोच नंबर लिहून पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहायचं. ही अक्षरं मुळात ट्रंक कॉलमधली. ठरावीक व्यक्तीच फोनवर हवी असेल तर ‘पर्टिक्युलर पर्सन’ कॉल लावायचा, त्याला जास्त पैसे पडत. पण आमच्याकडे पी.पी. म्हणजे शेजारचा फोन. माझे वडील म्हणायचे, पी.पी. म्हणजे परक्याच्या पैशांनी.

त्या फोनचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण चाळीतलं शेंबडं पोरही ते पाळायचं. चपला दाराबाहेर काढायच्या. फोन उभ्यानेच करायचा, डॉक्टरांच्या खुर्चीवर बसायचं नाही. दुपारी दोन ते चार कोणाला फोन करायला सांगायचं नाही, कारण तेव्हा डॉक्टर झोपतात. आपण फोन केला तर फोनशेजारच्या पत्र्याच्या डब्यात चार आणे टाकायचे; टाकताना आवाज होईल असे, म्हणजे कोणाला विचारावं लागत नाही. जो फोन करायचा त्यानेही आधी स्वतःचं नाव सांगायचं, तसदीबद्दल माफी मागायची, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या अमक्यांना बोलावता का, मी दहा मिनिटांनी परत करतो’ असं म्हणून ठेवून द्यायचा. मग डॉक्टरांचा कंपाउंडर चौकात येऊन वर हाक मारायचा. दिवाळीत चाळीतल्या यच्चयावत घरांतून फराळाचं पहिलं ताट डॉक्टरांकडे जायचं. ते भक्तीपोटी नव्हे, फोनपोटी.

पण मला सर्वांत जास्त आठवतात त्या डॉक्टरांच्या पत्नी. कोणी फोनवर बोलायला आलं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि मोरीतला नळ सोडायच्या. भांडी असोत वा नसोत. लहानपणी मला वाटायचं, यांना पाण्याची फार हौस. नंतर एकदा आईने सांगितलं, अरे, समोरच्याला वाटावं की आपलं बोलणं ऐकू जात नाहीये, म्हणून त्या नळ सोडतात. पाणी येईल तेवढ्याच वेळात भरून ठेवायचं, त्या दिवसांत हे! चाळीत कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीला नकार आला, कोणाच्या गावच्या जमिनीचा निकाल लागला, हे सगळं त्या फोनवरून त्यांच्या घरातून गेलं असणार. त्यातलं एक अक्षरही कधी नळावर किंवा जिन्यात चर्चेला आलं नाही.

गावाकडचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन वर्गवाऱ्या. बुक करायचा आणि वाट पाहत बसायचं. ऑर्डिनरी सकाळी बुक केला तर संध्याकाळीही लागेल याची खात्री नसायची. लागला की तीन मिनिटं, आणि मध्येच ऑपरेटर वेळ संपल्याचं सांगणार. आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यामुळे बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आम्ही म्हातारे आजही मोबाइलवर ओरडतो ना, ते या ट्रंक कॉलचं देणं आहे. आमच्या मनातून ती विहीर गेलेलीच नाही. यात यंत्राचाही थोडा भाग आहे. जुन्या रिसिव्हरमध्ये आपलाच आवाज बेताने आपल्या कानात परत यायचा, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो हे माणसाला कळायचं. बऱ्याच मोबाइलमध्ये तो तितकासा येत नाही. तेव्हा ओरडणारा प्रत्येक जण उद्धट असतो असं नाही. पुष्कळांना आपण ओरडतोय हे ठाऊकच नसतं. हळूच खूण केली की बहुतेक लोक ओशाळतात, असा माझा अनुभव आहे.

१९७३ साली बँकेत लागलो. शाखेत एक फोन मॅनेजरच्या केबिनमध्ये, त्याच्या डायलला छोटं कुलूप, आणि एक बाहेर. बाहेरचा फोन वाजला की काउंटरवरचा माणूस सोडून आम्ही धावायचो. आमच्या पहिल्या मॅनेजरांनी मला एकदा बोलावून घेतलं. म्हणाले, "समोर उभा आहे तो उन्हातून चालत आलाय, रांगेत थांबलाय. फोनवाला घरी पंख्याखाली बसलाय. आधी कोण?" चौतीस वर्षांच्या नोकरीत व्याजाचे दर किती वेळा बदलले ते सांगता येणार नाही, पण हे वाक्य बदललं नाही. आज दुकानात मी पैसे हातात धरून उभा असतो आणि दुकानदार मोबाइलवर बोलत मला हाताने ‘थांबा’ म्हणतो, तेव्हा त्या साहेबांची हटकून आठवण येते.

आता जे लिहितो ते आजवर फक्त घरात माहीत होतं.

आपल्या घरी फोन असावा म्हणून मी १९७९ मध्ये नाव नोंदवलं. फोन आला १९८९ मध्ये. तेव्हा आम्ही ठाण्यातच एका जुन्या दोन मजली इमारतीत राहत होतो. वायरमन जोडून गेल्यावर पत्नीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि क्रोशाचं आवरण घातलं. इमारतीतला पहिला फोन. आता आम्ही डॉक्टर झालो होतो! आठवड्याभरात आमचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून सहा घरांनी वाटला. पहिले काही महिने मी मोठ्या हौसेने निरोप पोचवले. मग हौस ओसरली. रविवारी जेवताना, टीव्हीवर मालिका चालू असताना फोन वाजायचा, आणि तो आमच्यासाठी नसायचा. मी कपाळाला आठ्या घालून खाली हाक मारायला लागलो.

तळमजल्यावर एक मुलगा होता, नुकता बी.कॉम. झालेला. वडील गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच. एका गुरुवारी संध्याकाळी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फोन आला. त्याला उद्या सकाळी दहा वाजता मुलाखतीला पाठवा. मी खाली डोकावलो, दाराला कुलूप होतं. वर्तमानपत्राच्या कडेला नाव, वेळ, पत्ता लिहिला आणि जेवायला बसलो. आल्यावर सांगू म्हटलं. नंतर पाहुणे आले. ते वर्तमानपत्र घडी होऊन रद्दीत गेलं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं. शनिवारी रात्री आठवलं.

खाली जाऊन सांगितलं. मुलगा काहीच बोलला नाही. त्याची आई म्हणाली, "असू दे भाऊजी, नशिबात नव्हतं." सोमवारी मी स्वतः त्या कारखान्यात गेलो. जागा भरली होती. मुलाला पुढे आठ-नऊ महिन्यांनी दुसरीकडे काम लागलं, आज त्याचं चांगलं चाललं आहे, आम्ही भेटतो. पण त्या मधल्या काळात त्याने जे जे अर्ज केले त्या सगळ्यांवर आमचाच नंबर दिला होता, हे मला नंतर कळलं. दुसरा कोणाचा देणार? ज्याने घात केला त्याच्याच दारात परत निरोपासाठी उभं राहायचं. त्या रविवारी मी फोनशेजारी एक वही सुतळीने बांधली, तिला पेन्सिल बांधली. निरोप आला की आधी त्यात लिहायचा, आणि पोचवला की खूण करायची, बँकेत व्हाउचर पास करतात तशी. ती वही अजून माझ्याकडे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एस.टी.डी. बूथ आले. थेट डायल करून परगावी बोलण्याची सोय खरं तर १९६० मध्येच लखनौ-कानपूरला सुरू झाली होती, पण ती सामान्य माणसाच्या हाताशी आली या पिवळ्या पाट्यांमुळे. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीची एक्स्चेंज आली, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर बूथ उभे राहिले. पुष्कळ बूथ अपंग बंधू-भगिनी चालवत. रात्री दर उतरले की रांग लागायची. काचेच्या दाराआड समोरच्या मीटरवर लाल आकडे पळत असायचे आणि बाहेर दहा माणसं घड्याळाकडे बघत उभी. एवढ्यात कोण पाल्हाळ लावणार? खुशाली, पैसे पोचले का, बाळ कसं आहे, ठेवतो. मला वाटतं, मराठी माणूस इतकं मुद्द्याचं त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही.

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि गंमत म्हणजे आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. त्यामुळे कोणाच्या मोबाइलवर फोन करताना लोक कचरायचे. आपल्यामुळे समोरच्याचा खर्च होतोय ही जाणीव असायची. त्यातूनच तो मिस्ड कॉल निघाला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आपल्या सोसायटीत आपण राहायला आलो ते याच सुमारास. घरोघरी लँडलाइन होती, मोबाइल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १ मे २००३ पासून आलेले फोन फुकट झाले. ही मोठी सोय झाली. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाइल आला तो त्यामुळेच, आणि त्यांचा धंदाही वाढला. पण माझं मत विचाराल तर त्याच दिवशी दुसऱ्याच्या वेळेची किंमतही शून्य झाली.

शेजाऱ्याच्या घरातला फोन होता तोवर आपल्याला भीड होती. बूथमध्ये मीटर होतं, रांग होती. मोबाइल खिशात आला आणि ती भीड चेपली. भोवतालची माणसं तेवढीच आहेत, किंबहुना वाढलीच आहेत. पण ती आता यजमान नाहीत, म्हणून दिसत नाहीत. लोकलमध्ये शेजारचा माणूस आपल्या मेहुण्याच्या घटस्फोटाची सगळी कथा स्पीकरवर ऐकवतो, आणि आपण नळ तरी कुठे सोडणार? नाट्यगृहात तिसऱ्या घंटेच्या आधी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते आणि पहिल्याच प्रवेशात कोणाची तरी रिंगटोन वाजते. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी यावर जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलायला आणि गाणी लावायला मनाई केली. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टने इयरफोनशिवाय बसमध्ये व्हिडिओ लावायला बंदी घातली. चाळीतलं शेंबडं पोर जे पाळायचं, त्यासाठी आता परिपत्रक काढावं लागतं.

तरी सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही. माझी नात मला सांगते, "आजोबा, एकदम फोन नका करत जाऊ. आधी मेसेज करा, बोलायला वेळ आहे का म्हणून." मला आधी राग आला. आपल्याच नातीची अपॉइंटमेंट घ्यायची? मग लक्षात आलं, हे तर ‘जरा तसदी देतो, दहा मिनिटांनी परत करतो’ याचंच नवं रूप आहे. या बाबतीत तरुण मंडळी आमच्यापेक्षा पुढे आहेत. पहाटे साडेपाचला सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे कोण आहेत? त्यात पंचविशीतलं कोणीही नाही. गेल्या वर्षी आपल्या एका सभासदांच्या निधनाची बातमी ग्रुपवर आली, तिच्यावर तीन श्रद्धांजल्या, मग मधुमेहावरचा एक घरगुती उपाय, मग पुन्हा श्रद्धांजली. तो उपाय पाठवणारा मीच होतो. वरचं न वाचता पुढे ढकलला. त्यांच्या मुलाला भेटायला गेलो तेव्हा त्याने विषय काढला नाही, मीही काढू शकलो नाही.

आता त्या सभेबद्दल. आजी आणि तो तरुण, दोघांना विचारूनच लिहितो आहे.

ठराव काही झाला नाही. दंड लावावा असं एक-दोघांचं म्हणणं होतं, ते अध्यक्षांनी पुढे ढकललं. सभा संपल्यावर मी त्या मुलाला गाठलं. त्याची नोकरी अमेरिकेतल्या वेळेवर चालते. रात्री अकराला त्यांची मीटिंग. घर एका बेडरूमचं, आत बायको आणि सात महिन्यांचं बाळ झोपलेलं. हॉलमध्ये त्याची आई. तो म्हणाला, "काका, कोणाची झोप मोडू नये म्हणूनच तर मी खाली येतो." जिन्यात बोलला तर चार मजल्यांवर घुमतं, गच्चीला रात्री कुलूप. म्हणून त्याने बाक निवडला. वरून तो बाक लांब वाटतो. आजींची खिडकी त्याच्यापासून पाच पावलांवर आहे हे त्याला दिवसा माझ्याबरोबर तिथे उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं. आजींनाही त्याचं बाळ सात महिन्यांचं आहे हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मैत्रिणीशी बोलतो.

सेक्रेटरींशी बोलून सोसायटीच्या ऑफिसची एक किल्ली वॉचमनकडे ठेवली. रात्री पावणेअकराला हा मुलगा रजिस्टरमध्ये सही करून ती घेतो आणि साडेबारापर्यंत परत करतो. आजींनी त्याच्या बाळासाठी दोन दुपटी शिवून दिली. पहिल्या महिन्याच्या शेवटी तो खजिनदारांकडे गेला आणि विजेचे पैसे किती द्यायचे म्हणून विचारू लागला. खजिनदार म्हणाले, एका ट्यूबलाइटचे काय घ्यायचे? हा म्हणाला, घेतल्याशिवाय मी बसणार नाही. मी चार आण्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली, पण समितीचं एकमत होईना. विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, सभासदांनी अवश्य हजर राहावे.